युद्धानंतरचा प्रवासी : ल क्लेझिओ

साहित्याच्या नोबेल पुरस्काराचे व्याख्यान म्हणजे लेखकाने आपली वाङ्मयीन भूमिका मांडावी, परंपरेचे ऋण मान्य करावे आणि शक्य झाल्यास मानवजातीला चार शब्द सांगावेत, असा एक संकेत आहे. ७ डिसेंबर २००८ रोजी स्टॉकहोममध्ये जाँ-मारी गुस्ताव्ह ल क्लेझिओ या फ्रेंच लेखकाने हा संकेत पाळला. पण आरंभ केला तो एका अगदी क्षुल्लक वस्तूपासून. आपण का लिहितो, या प्रश्नाचा माग काढीत मागे गेले की आपण युद्धापाशी पोहोचतो, असे त्यांनी सांगितले. हे युद्ध सेनापतींचे, तहांचे वा विजयदिनांचे नव्हते. ते लहान मुलाच्या वाट्याला आलेले युद्ध होते आणि त्यात भूक, भीती व थंडी एवढेच होते. युद्ध सरल्यानंतरच्या टंचाईच्या काळात घरात लिहायला कागद नव्हता, शाई नव्हती. तेव्हा या मुलाने शिधापत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, एका टोकाला निळी आणि दुसऱ्या टोकाला तांबडी असलेल्या सुताराच्या पेन्सिलीने आपली पहिली अक्षरे आणि चित्रे गिरवली.

शिधापत्रिकेच्या एका बाजूला पाव, साखर, लोणी यांचे मोजमाप आणि दुसऱ्या बाजूला एका मुलाची गोष्ट, असा हा कागद. ल क्लेझिओ यांच्या साठ वर्षांच्या लेखनाचे स्वरूप या कागदात जेवढे दिसते, तेवढे स्वीडिश अकादमीच्या मानपत्रातही दिसत नाही. त्यांना सामान्यतः 'भटका' लेखक म्हटले जाते. सहारा, मेक्सिको, पनामा, मॉरिशस, कोरिया अशी त्यांच्या पुस्तकांतील स्थळांची यादी पाहता ते चुकीचेही नाही. परंतु ही भटकंती पर्यटकाची नाही आणि साहसवीराचीही नाही. युद्ध जिथे आपले उरलेसुरले टाकून जाते, तिथे ती जाऊन पोहोचते. आणि ते उरलेसुरले बहुधा एखाद्या मुलाच्या अथवा स्त्रीच्या शरीरात साठलेले असते.

ल क्लेझिओ यांचा जन्म १३ एप्रिल १९४० रोजी दक्षिण फ्रान्समधील नीस या शहरात झाला. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांतच फ्रान्सने जर्मनीपुढे शरणागती पत्करली. कुटुंब मूळचे ब्रिटनी प्रांतातले, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस मॉरिशसला जाऊन स्थायिक झालेले. मॉरिशस त्या काळी इंग्रजांच्या ताब्यात असल्याने या फ्रेंच भाषक कुटुंबाचे नागरिकत्व ब्रिटिश होते, आणि व्यापलेल्या फ्रान्समध्ये ते असणे धोक्याचे होते. वडील ब्रिटिशांच्या वैद्यकीय सेवेत डॉक्टर म्हणून आफ्रिकेत अडकलेले. आई, आजी-आजोबा आणि दोन लहान मुले नीसमध्ये. १९४२च्या अखेरीस नीसवर इटालियन सैन्याचा ताबा आला. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली आणि त्यांच्या जागी जर्मन आले. तेव्हा हे कुटुंब व्हेझ्युबी नदीच्या डोंगराळ खोऱ्यातील रोकबिलियेर या गावात जाऊन लपले.

या काळातील एक आठवण त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते. आजीच्या घराजवळ बॉम्ब पडला. मुलाला आठवतो तो स्फोटाचा आवाज नव्हे. पायाखालची जमीन हादरणे, तोल जाऊन पडणे आणि स्वतःच्या घशातून निघालेली किंकाळी एवढेच त्याला आठवते. २०२०मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, 'शांसों ब्रतोन' म्हणजे 'ब्रिटनीचे गाणे' या पुस्तकात जोडून छापलेल्या 'बालक आणि युद्ध' या दीर्घ लेखात त्यांनी या प्रसंगाची कसून उलटतपासणी केली आहे. यातले आपल्याला खरोखर किती आठवते आणि घरातल्या मोठ्यांनी सांगून सांगून मनात किती रुजवले गेले? तीन-चार वर्षांच्या मुलाला 'युद्ध' हा शब्दच ठाऊक नसतो. युद्धापूर्वीचे जग त्याने पाहिलेले नसते, त्यामुळे आपल्या वाट्याला आलेले जगणे विपरीत आहे हेही त्याला कळत नाही. ज्याला मोठी माणसे 'ते दिवस' म्हणतात, ते त्याच्या लेखी फक्त दिवस असतात. हा मुद्दा वाटतो तेवढा साधा नाही. युद्धाच्या आठवणी लिहिणारे बहुतेक लेखक आपले बालपण इतिहासाच्या चौकटीत नेमके बसवून देतात. ल क्लेझिओ ती चौकट नाकारतात आणि जे शरीराने टिपले तेवढ्यावरच बोट ठेवतात.

शरीराने टिपले त्यात भूक सर्वांत खोल आहे. २००८मध्ये, नोबेलच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या 'रितुर्नेल द ला फॅम' (भुकेचे पालुपद) या कादंबरीच्या आरंभी काही पाने केवळ या भुकेविषयी आहेत. मुक्ततेनंतर आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या ट्रकमागे धावणारी मुले, सैनिकांनी फेकलेली च्युइंगम आणि पावाची पाकिटे, सार्डिन माशांच्या डब्यातले तेल पिऊन टाकण्याची ओढ, मूठभर मीठ चाटण्याची इच्छा, दुधाच्या भुकटीची चव. ही भूक केव्हाच शमली, पण शरीर तिला विसरले नाही, आणि तिच्यामुळेच त्या काळाचा विसर पडू शकला नाही, असे ते सांगतात. मात्र कादंबरीच्या नायिकेची, एथेलची, भूक वेगळी आहे, हेही ते लगेच स्पष्ट करतात. आपल्या कष्टांचे भांडवल न करण्याचा हा संयम त्यांच्या चांगल्या पुस्तकांत नेहमी आढळतो.

युद्ध संपले १९४५मध्ये. या कुटुंबापुरते ते संपायला आणखी तीन वर्षे जावी लागली. १९४८मध्ये आई दोन्ही मुलांना घेऊन बोटीने नायजेरियाला निघाली. आठ वर्षांच्या मुलाने वडिलांना तोपर्यंत पाहिलेच नव्हते. बोटीच्या त्या प्रवासात त्याने आपली पहिली 'पुस्तके' लिहिली. त्यांतील एकाचे नाव होते 'एक दीर्घ प्रवास'. प्रवास आणि लेखन यांची गाठ अशी पहिल्या दिवसापासून पडली, आणि दोहोंच्या मुळाशी युद्धाने केलेली ताटातूट होती.

पुढे या प्रवासावर त्यांनी दोन पुस्तके लिहिली. १९९१मधील 'ओनित्शा' ही कादंबरी आणि २००४मधील 'लाफ्रिकँ' (आफ्रिकी माणूस) हे वडिलांविषयीचे लहानसे आत्मकथन. कादंबरीतील बोटीवर आफ्रिकी प्रवासी आपल्या भाड्यापोटी दिवसभर हातोड्यांनी बोटीचा गंज खरवडत असतात. त्यांच्या ठोक्यांचा नाद छोट्या फिंतानच्या कानांत घुमत राहतो. वसाहतवाद म्हणजे काय, हे सांगायला या नादानंतर निराळे विवेचन लागत नाही. तथापि या दोहोंत श्रेष्ठ पुस्तक दुसरे. शंभरएक पानांचे हे लेखन ल क्लेझिओ यांच्याकडे वळणाऱ्या वाचकाने सर्वप्रथम वाचावे असे आहे.

आपली आई कृष्णवर्णीय असावी असे लहानपणी वाटत असे, मग कळले की घरातला खरा आफ्रिकी माणूस म्हणजे वडील, अशा अर्थाने या पुस्तकाची सुरुवात होते. बंदरावर भेटलेला चष्मा लावणारा, कडक शिस्तीचा, अबोल गृहस्थ हा आपला पिता आहे, हे मुलाला सांगावे लागते. तो प्रेमळ नाही. जेवणाच्या टेबलावर गप्प बसण्यापासून कपड्यांच्या स्वच्छतेपर्यंत त्याचे नियम आहेत आणि मोडले तर मार आहे. त्याउलट ओगोजाचे माळरान म्हणजे अमर्याद मोकळीक. ही दोन्ही भावंडे भर उन्हात माळावर धावतात, काठ्यांनी वारुळे फोडतात. नीसमधल्या बंद खोल्यांत साठलेला सगळा कोंडमारा त्या वारुळांवर निघतो.

साठी उलटलेला लेखक आता या पित्याच्या भूतकाळाचा माग काढू लागतो. साधन म्हणून हाती आहेत वडिलांनी स्वतः काढलेली छायाचित्रे आणि त्यांनी तयार केलेला एक नकाशा. महायुद्धापूर्वी हे डॉक्टर कॅमेरूनच्या डोंगराळ बान्सो भागात होते. पत्नीही सोबत होती. दोघे घोड्यावरून आणि पायी गावोगाव हिंडत. त्या नकाशात गावांमधील अंतरे किलोमीटरमध्ये लिहिलेली नाहीत. चालत जायला किती तास किंवा किती दिवस लागतात, ते लिहिले आहे. ज्या माणसाने जमीन पायांनी मोजली, त्याच्यावर प्रेम करता येते, असे पुत्राला या नकाशापाशी पहिल्यांदा जाणवत असावे. नंतर युद्ध आले. पत्नी आणि न पाहिलेला मुलगा शत्रूने व्यापलेल्या देशात, आणि स्वतः दुसऱ्या खंडात. कुटुंबापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी सहारा ओलांडण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि वाटेतून परतावे लागले. त्यानंतरची वर्षे एकट्याने, एका विस्तीर्ण प्रदेशातील जवळपास एकमेव डॉक्टर म्हणून, औषधांच्या टंचाईत, मरणे पाहण्यात गेली. १९४८मध्ये मुलाला भेटला तो या वर्षांनी आतून करपलेला माणूस. या डॉक्टरने रणांगण पाहिले नाही. तरीही युद्धाने त्याला एका घरातून उचलून नेले आणि परत पाठवताना दुसराच माणूस पाठवला.

त्या भूमीवरचे युद्ध अजून यायचे होते. नायजेरियाच्या आग्नेय भागाने ३० मे १९६७ रोजी 'बियाफ्रा' या नावाने स्वातंत्र्य जाहीर केले. त्या भागात खनिज तेल होते. नायजेरियाच्या केंद्रीय सत्तेने नाकेबंदी केली आणि १५ जानेवारी १९७० रोजी बियाफ्राने शरणागती पत्करेपर्यंत लाखो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील फार मोठा भाग उपासमारीने मेलेल्या मुलांचा होता. ब्रिटनने नायजेरियाला शस्त्रे दिली. 'लाफ्रिकँ'च्या अखेरीस ल क्लेझिओ १९६८ या वर्षाची तीन दृश्ये एकाच वाक्यात शेजारी ठेवतात. नीसमध्ये सार्वत्रिक संपामुळे घराखाली साचत चाललेले कचऱ्याचे ढीग आईवडील खिडकीतून पाहत आहेत. मेक्सिको शहरात लेखक स्वतः, त्लातेलोल्कोच्या चौकात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचे मृतदेह वाहून नेणाऱ्या लष्करी हेलिकॉप्टरांची घरघर ऐकतो आहे. आणि नायजेरियात कत्तलीचा अंतिम टप्पा सुरू झाला आहे. जगभर छापली गेलेली, पोटे फुगलेल्या, डोळे खोल गेलेल्या मुलांची छायाचित्रे म्हणजे या पितापुत्रांना ओळखीचा प्रदेश होता. ज्यांच्यावर वडिलांनी उपचार केले त्यांची मुले आणि ज्यांच्याबरोबर लेखक माळावर धावला ते सवंगडी त्यांत असू शकत होते. शिधापत्रिकेच्या काळातील भूक इथे पुन्हा भेटते, पण या वेळी ती दुसऱ्यांची आहे आणि तिच्यापुढे लेखकाच्या हाती काही नाही.

याच टप्प्यावर त्यांच्या पिढीतील दुसऱ्या एका थोर फ्रेंच लेखकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. २०१४चे नोबेल मिळालेले पात्रिक मोदियानो १९४५मध्ये, म्हणजे युद्ध संपताना जन्मले. जर्मनव्याप्त फ्रान्सची सावली त्यांच्याही प्रत्येक पुस्तकावर आहे. पण ते पॅरिस सोडत नाहीत. जुन्या पत्त्यांची, टेलिफोन यादीची, पुसट झालेल्या दुकानांच्या पाट्यांची धूळ झटकत ते त्याच गल्ल्यांतून फिरतात. ल क्लेझिओ बाहेर पडतात. लष्करी सेवेच्या बदल्यात नागरी सेवेसाठी त्यांना थायलंडला पाठवण्यात आले. तेथील बालवेश्याव्यवसायाविरुद्ध जाहीर बोलल्यामुळे त्यांची हकालपट्टी झाली आणि ते मेक्सिकोला गेले. १९७०नंतरची काही वर्षे त्यांनी पनामाच्या अरण्यातील एम्बेरा आणि वाउनाना या आदिवासींमध्ये काढली. त्याआधी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९६३मध्ये 'ल प्रोसे-व्हेर्बाल' या पहिल्याच कादंबरीने त्यांना रनोदो पुरस्कार मिळवून दिला होता. तिचा नायक सैन्यातून सुटून आला आहे की वेड्यांच्या इस्पितळातून, हे त्याचे त्यालाच नक्की सांगता येत नाही. अल्जीरियाचे युद्ध नुकतेच संपले होते आणि फ्रान्समध्ये त्याला 'युद्ध' म्हणण्याचीही तयारी नव्हती. कोणत्याही रणांगणाचे वर्णन न करता त्या काळातील तरुणांचे विस्कटलेपण या एका संदिग्धतेत उतरले आहे.

रोकबिलियेरच्या त्या खोऱ्यात, थोडे वर, सँ-मार्तँ-व्हेझ्युबी नावाचे गाव आहे. इटालियन अमलात तिथे शेकडो ज्यू निर्वासितांना ठेवण्यात आले होते. सप्टेंबर १९४३मध्ये जर्मन येणार हे कळताच त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि मुलांना घेऊन आल्प्सच्या खिंडी चढून इटलीची वाट धरली. पलीकडे उतरल्यावर त्यांतील तीनशेहून अधिक माणसे जर्मनांच्या हाती सापडली आणि ऑशविट्झला पाठवली गेली. ल क्लेझिओ त्या वेळी साडेतीन वर्षांचे होते, खालच्या गावात होते आणि त्यांना यातले काही आठवणे शक्य नव्हते. १९९२मध्ये 'एतवाल एरांत' (भटकती तारका) या कादंबरीत त्यांनी या न आठवणाऱ्या घटनेकडे परतण्याचा प्रयत्न केला. नायिका एस्थेर ही याच गावातली ज्यू मुलगी. तिचे वडील माणसांना डोंगरापलीकडे पोहोचवताना मारले जातात. ती आईसह वाचते आणि युद्धानंतर बोटीने नव्या इस्रायलकडे निघते. तिथे पोहोचल्यावर रस्त्यात तिला पॅलेस्टिनी निर्वासितांचा तांडा दिसतो. त्यातील नेज्मा नावाची मुलगी पुढे येते. दोघी एका वहीत आपापली नावे लिहितात. त्यांची पुन्हा कधीही भेट होत नाही.

या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कादंबरीची ही रचना काही ठिकाणी फार सोयीस्कर वाटते, हे मान्य करायला हवे. नेज्माच्या वाट्याला एस्थेरपेक्षा बरीच कमी पाने आली आहेत, आणि दोन निर्वासित मुलींना आरशासारखे समोरासमोर उभे केल्याने राजकारणाचे अवघड प्रश्न विरून जातात. पण नूर शम्सच्या छावणीतील पाणी आणि अन्न यांच्या प्रतीक्षेची वर्णने वाचताना जाणवते की, लेखकाला तुलना करायचीच नाही. कोणाचे दुःख मोठे हा हिशेब इतिहासकारांवर सोपवून ते फक्त एवढे पाहतात की, एक युद्ध संपल्याच्या आनंदात निघालेली बोट दुसऱ्या युद्धाच्या किनाऱ्याला लागली.

मराठी वाचकाला ल क्लेझिओ यांच्या लेखनाशी जोडणारा धागा मात्र हिंदी महासागरातून येतो. त्यांचे आजोबा मॉरिशसमध्ये न्यायाधीश होते. कौटुंबिक वादात पूर्वजांचे घर सोडावे लागल्यानंतर या गृहस्थांनी जवळच्या रॉड्रिग्ज बेटावर समुद्री चाच्याने पुरलेले सोने शोधण्यात सुमारे तीस वर्षे घालवली. सोने अर्थातच मिळाले नाही. नातू त्या बेटावर गेला, त्याच ओसाड दरीत हिंडला आणि त्यातून १९८५मध्ये 'ल शेर्शर दोर' (सोन्याचा शोध) ही कादंबरी झाली. तिचा नायक अॅलेक्सी शोध अर्धवट टाकून पहिल्या महायुद्धात जातो, ईप्र आणि सोम येथील खंदकांत लढतो आणि परत येऊन पुन्हा खणू लागतो. परतल्यावर त्याला कळते की, नकाशावरच्या खुणा जमिनीच्या नव्हत्याच, त्या आकाशातील नक्षत्रांच्या होत्या. युद्ध पाहून आलेल्या माणसाला सोन्याचा अर्थ बदललेला दिसावा, हे कथानक सोपे होण्याचा धोका होता. रॉड्रिग्जच्या उन्हाच्या आणि दगडांच्या वर्णनांनी ते तगले आहे.

१९९५मधील 'ला कारांतेन' (क्वारंटाइन) ही त्याहून गुंतागुंतीची कादंबरी १८९१मध्ये घडते. मॉरिशसला निघालेल्या बोटीवर साथ उद्भवते आणि प्रवाशांना किनाऱ्याजवळच्या फ्लॅट आयलंड या बेटावर उतरवले जाते. बेटाच्या एका बाजूला मूठभर युरोपीय प्रवासी, दुसऱ्या बाजूला शेकडो भारतीय गिरमिटिये. मध्ये एक सीमारेषा आणि संचारबंदी. लेओं हा मॉरिशसच्या मळेवाल्या घराण्यातला तरुण ती रेषा ओलांडतो आणि सूर्यवती या भारतीय मुलीच्या प्रेमात पडतो. या सूर्यवतीच्या आईची, अनंताची, कथा सुरू होते ती १८५७च्या कानपुरात.

कानपूर म्हटले की, मराठी मनात नानासाहेब पेशवे, तात्या टोपे, सतीचौरा घाट आणि बिबीघर ही नावे उभी राहतात. इंग्रजी कादंबऱ्यांनी कानपूरचा उपयोग दीर्घकाळ सूडाच्या समर्थनासाठी केला. आपल्याकडे त्याच घटनांचे वाचन स्वातंत्र्यसंग्रामाच्या अंगाने झाले. ल क्लेझिओ या दोन्ही वाटांनी जात नाहीत. त्यांच्या कादंबरीत कत्तलीनंतर मागे उरते एक इंग्रज तान्ही मुलगी. गिरिबाला नावाची डोम जातीची स्त्री तिला मृतांतून उचलते, नदीच्या पाण्यात न्हाऊ घालते आणि तिला नाव देते अनंता. मग या दोघी नदीच्या प्रवाहाबरोबर कलकत्त्याकडे, भवानीपूरच्या मजूर डेपोत आणि तिथून बोटीने मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत पोहोचतात. राज्यकर्त्यांच्या घरात जन्मलेली मुलगी अशी गिरमिटियांपैकी एक होऊन वाढते. १८५७च्या उठावानंतर उद्ध्वस्त झालेल्या उत्तर हिंदुस्थानातून मॉरिशसकडे जाणाऱ्या मजुरांची संख्या वाढली, हा इतिहास आहे. कादंबरीने त्या लोंढ्यात एकच काल्पनिक मूल सोडले आहे.

१८३४पासून पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर मॉरिशसला उतरले. त्यांत भोजपुरी आणि तमीळ भाषक होते, तसे मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात, मराठी शिकतात. ज्या मळ्यांत ही माणसे राबली, त्या मळेवाल्या समाजातच ल क्लेझिओ यांचे घराणे मोडत होते. मोका येथील 'युरेका' हे त्यांच्या पूर्वजांचे प्रशस्त घर आता संग्रहालय आहे. आपल्या घराण्याच्या वैभवामागे कोणाचे श्रम होते, हा प्रश्न त्यांच्या मॉरिशसविषयक पुस्तकांत हळूहळू तीव्र होत गेलेला दिसतो. २०१७च्या 'अल्मा'त तर गुलामगिरीच्या खुणा शोधणे हाच एक कथाभाग आहे.

भारत आणखी एकदा येतो, तोही अनपेक्षित ठिकाणी. 'भुकेचे पालुपद'मधील एथेल, जिच्या मागे लेखकाच्या आईची प्रतिमा आहे, लहानपणी १९३१च्या पॅरिसमधील वसाहतींच्या प्रदर्शनाला जाते. तिथे तिच्या चुलतआजोबांना 'फ्रेंच इंडिया'चा, म्हणजे पुदुच्चेरी आणि इतर फ्रेंच ठाण्यांचा, लाकडी मंडप इतका आवडतो की, ते तो विकत घेतात आणि पॅरिसमधील आपल्या जागेत पुन्हा उभारायचे ठरवतात. ते वारतात. वडील सगळा पैसा उधळतात आणि त्या जागी एक कुरूप इमारत उभी राहते. घरच्या दिवाणखान्यात मॉरिशसहून आलेले नातलग आणि ओळखीचे लोक चहा घेत, हसत-खेळत ज्यूंविषयी विष ओकत असतात. युद्ध येते तेव्हा याच सुशिक्षित मंडळींची दैना होते. शेवटी निवेदक पॅरिसमधील त्या जागेपाशी जातो, जिथे पूर्वी 'व्हेल दीव्ह' हे सायकल शर्यतींचे बंदिस्त मैदान होते. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना धरले आणि त्यांतील कुटुंबांना या मैदानात कोंडले. कादंबरीचा नेम जर्मनांवर नाही. स्वतःच्या माणसांच्या चहाच्या टेबलावरील गप्पा त्या मैदानापर्यंत कशा पोहोचल्या, हे तिला सांगायचे आहे.

पाहत राहणाऱ्याच्या अपराधाची ही जाणीव २०१४मधील 'तांपेत' (वादळ) या दीर्घकथेत पूर्ण उघडी पडते. फिलिप क्यो हा एकेकाळचा युद्धवार्ताहर आहे. व्हिएतनाममध्ये सैनिक एका स्त्रीवर बलात्कार करीत असताना तो दारात उभा राहिला आणि काहीच केले नाही. त्याने हात लावला नाही, पण थांबवलेही नाही. तीस वर्षांनंतर तो कोरियाच्या उडो बेटावर येतो, जिथे त्याची प्रेयसी एके दिवशी समुद्रात निघून गेली होती. समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यापैकी एकीची किशोरवयीन मुलगी जून यांच्या सहवासात तो जगतो. क्योला क्षमा मिळते का, याचे उत्तर कथा देत नाही. ल क्लेझिओ यांच्या लेखनात इतर बहुतेक ठिकाणी युद्ध सोसणारे भेटतात. इथे ते पाहून गप्प राहिलेला भेटतो, आणि म्हणूनच ही छोटी कथा त्यांच्या काही विस्तीर्ण कादंबऱ्यांपेक्षा अधिक बोचते. त्या कादंबऱ्यांत निसर्गवर्णनांचा आणि 'निष्पाप' आदिम जीवनाच्या ओढीचा अतिरेक कधी कधी होतो. सुंदर, मूक, अनवाणी मुली जरा जास्तच भेटतात.

या दोषाची चाहूल लेखकाला स्वतःला नव्हती असे नाही. नोबेल व्याख्यानाचे शीर्षकच 'विरोधाभासांच्या अरण्यात' असे होते आणि ते त्यांनी स्वीडिश लेखक स्टिग डागरमन यांच्याकडून उसने घेतले होते. डागरमन यांचा पेच असा की, लेखकाला लिहायचे असते भुकेल्यांसाठी. पण त्याच्या पुस्तकाकडे पाहण्याची सवड असते फक्त पोट भरलेल्यांना. शिधापत्रिकेवर लिहिणारा मुलगा पुढे ज्यांच्यासाठी लिहील, ते वाचक शिधापत्रिका न लागणारे असतील. या पेचातून सुटका आहे, असे ल क्लेझिओ यांनी म्हटले नाही. त्यांनी पनामाच्या अरण्यातील एल्व्हिरा या कथा गाणाऱ्या स्त्रीची हकीकत सांगितली. ती गावोगाव फिरे, शेकोटीपाशी बसून रात्रभर जुन्या कथा स्वतःच्या आयुष्यात मिसळून गाई, आणि तिच्यापाशी कागद नव्हता.

एल्व्हिराच्या नावाबरोबरच त्यांनी आपला पुरस्कार ज्यांना अर्पण केला, त्यांच्या लांबलचक यादीत दोन नावे भारतीय वाचकाच्या परिचयाची होती. एक 'आग का दरिया' लिहिणाऱ्या उर्दू कादंबरीकार कुर्रतुल ऐन हैदर यांचे. दुसरे मॉरिशसचे हिंदी लेखक अभिमन्यू अनत यांचे, 'लाल पसीना' या कादंबरीसाठी. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय मजुरांची ही कहाणी त्या मजुरांच्याच बाजूने सांगितलेली आहे. २००१मध्ये तिचा फ्रेंच अनुवाद पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली होती मळेवाल्यांच्या घराण्यातील ल क्लेझिओ यांनी.